डावा कार्बोरेटर, उजवा जावई

गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा बाबांनी आपली मोटरसायकल दोन्ही जावयांना मिळून देऊन टाकली. कपाट दिलं असतं, रेडिओ दिला असता, तर काही बिघडलं नसतं. पण त्या मोटरसायकलला दोन सिलिंडर आहेत, दोन कार्बोरेटर आहेत, आणि हवा गाळून आत सोडणारे फिल्टरचे डबेसुद्धा दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि माझ्या नवऱ्याचं आणि ताईच्या नवऱ्याचं शेवटचं एकमत झालं होतं ते माझ्या लग्नात, फोटोत कोणी कुठे उभं राहायचं यावर. तेही फोटोग्राफर ओरडला म्हणून.

ताईचा नवरा दातांचा डॉक्टर आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते. भाऊजी चहात साखर घालतानाही चमचा डोळ्यांसमोर धरून सपाट करून घालतात. माझा नवरा बेकरी चालवतो. तो मीठसुद्धा मुठीने टाकतो आणि पाव रोज तस्साच होतो, हे भाऊजींना गेली नऊ वर्षं सहन होत नाही. दोघं एकमेकांना साडूभाऊ म्हणतात. भांडण वाढलं की "डॉक्टर" आणि "शेठ" सुरू होतं, आणि अगदी हातघाईवर आलं की "आपण" म्हणतात.

मोटरसायकल आमच्याकडे ठेवली होती, बेकरीच्या मागे, पिठाच्या कोठीला लागून असलेल्या शेडमध्ये, कारण बाबांच्या घराला पायऱ्या आहेत. गाडी ताईपेक्षा दोन वर्षांनी मोठी. महिन्याभरात भाऊजी एक खोका घेऊन आले आणि त्यातून दोन चकचकीत, शंकूच्या आकाराच्या, जाळीदार वस्तू काढून त्यांनी माझ्या गल्ल्यावर मांडल्या.

"या गाळण्या कशाला आणल्यात, साडूभाऊ?" नवऱ्याने विचारलं.

"एअर फिल्टर आहेत. ते जुने डबे काढायचे आणि हे थेट कार्बोरेटरला लावायचे. इंजिनाला मोकळा श्वास मिळतो."

"का, त्याला दमा झालाय?"

"जग पुढे गेलंय, शेठ."

"गाडी जुनी आहे, डॉक्टर. ज्याने केली त्याने त्या डब्यांसकट केली. तो काय झोपेत होता?"

हे प्रकरण बाबांकडे गेलं. बाबा मालगाडीचे गार्ड होते. चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात एकट्याने बसून जे काही बोलायचं राहून गेलं होतं ते सगळं ते निवृत्तीनंतर बोलत होते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, म्हणजे अर्ध्या अर्ध्या ऐकल्या, आणि निकाल दिला.

"डावा कार्बोरेटर थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. ज्याचं त्याने बघावं. मालगाडीत असंच असतं. इंजिन ड्रायव्हरचं, शेवटचा डबा गार्डचा. कोणी कोणाच्या कामात बोट घालत नाही."

"पण बाबा, गाडी एकच असते ना?" ताई म्हणाली.

तोवर बाबा एका डब्याची कडी कशी निखळली होती त्या गोष्टीला लागले होते.

त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये अशी एक मोटरसायकल उभी राहिली, जिच्या डावीकडे चकाकता शंकू होता आणि उजवीकडे गंजका डबा. भाऊजींनी मधल्या फ्रेमवर खडूने रेघसुद्धा मारली.

आता, मोकळा श्वास मिळाला की इंजिन खूश होईल अशी भाऊजींची समजूत होती. झालं उलटं. डाव्या बाजूला हवा भसाभस येऊ लागली आणि पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच. उभ्या उभ्या इंजिन ठीक चाले, पण मूठ अर्धी पिळली की डावा कार्बोरेटर मागच्या मागे शिंके, "फट्ट!", आणि शेडमधली मांजर कोठीवर जाऊन बसे. हवा वाढली तर पेट्रोल वाढवायला हवं, आणि पेट्रोल ज्या पितळी भोकातून येतं त्याला जेट म्हणतात, एवढं ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. भाऊजींनी मोठ्या भोकाचं जेट आणलं, मग त्याहून मोठं. दाताच्या मुळाची नळी साफ करतात त्या बारीक सुईने ते जेट साफ करत. तोंडात घालायचा छोटा आरसा कार्बोरेटरखाली धरून स्क्रू बघत. एकदा सवयीने "आ करा" म्हणाले, तेही मी ऐकलंय.

नवरा आपल्या बाजूला काहीच करत नसे. फक्त पावावर अंड्याचा हात फिरवायचा ब्रश घेऊन उजव्या सिलिंडरवरची धूळ झाडे आणि डाव्या बाजूने "फट्ट" आलं की म्हणे, "देव बरं करो."

अशा दीड महिन्यानंतर एका रविवारी सकाळी भाऊजींनी जाहीर केलं की डावी बाजू तयार आहे. चाचणी घ्यायची ठरली. चालवायची पाळी नवऱ्याची होती. बाबा म्हणाले, मी मागे बसणार, मला मागे बसायची सवय आहे. नवऱ्याने टोपीचं जॅकेट घातलं, बाबा त्याच्या खांद्याला धरून बसले आणि गाडी निघाली. मी, ताई आणि भाऊजी दारात.

पहिली पन्नास पावलं बरी गेली. मग नवऱ्याने मूठ पिळली. उजवी बाजू घोगऱ्या आवाजात गुरगुरायला लागली, डावी किरकिऱ्या आवाजात किंचाळायला लागली, आणि दोघींच्या मध्ये गाडी अशी थरथरायला लागली की माझा नवरा मला एकाच वेळी दोन दिसला. आरसा गरकन फिरून त्याच्याच तोंडाकडे बघायला लागला. बाबांनी "हळू!" म्हणण्यासाठी तोंड उघडलं. ते बोलले की नाही कळलं नाही, पण गाडी वळून परत आली आणि बाबा खाली उतरून म्हणाले, "फफ्फे."

"काय, बाबा?" ताईने विचारलं.

"फफ्फे!" बाबांनी तोंडाकडे बोट केलं. वरची कवळी नव्हती.

ती कवळी भाऊजींनी केलेली होती. स्वतःच्या हाताने, सासऱ्यांसाठी म्हणून खास. पाच वर्षांत ती एकदाही हलली नव्हती, असं ते दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

"शेवटी सैलच निघाली म्हणायची," नवरा म्हणाला.

"ती सैल नाही! माझ्या मापाची कवळी निघूच शकत नाही. तुमच्या उजव्या बाजूने एवढे हादरे दिले की दगडी पुतळ्याचे दात पडले असते."

"उजवी बाजू पूर्वीसारखीच आहे, डॉक्टर. पूर्वी कधी पडले होते का दात?"

"म्हणजे माझा कार्बोरेटर वाईट?"

"नाही, नाही. कार्बोरेटर चांगला असेल तर कवळी वाईट. दोन्हीही आपलीच. आपण ठरवा."

भाऊजींपुढे खरंच पेच होता. कवळी वाचवावी तर कार्बोरेटर जात होता, आणि कार्बोरेटर वाचवावा तर कवळी. बाबा मधे उभं राहून तावातावाने निकाल देत होते, पण त्यातला एक "फ" तेवढा समजत होता.

"आधी दात शोधा," ताई म्हणाली. "दोषी नंतर शोधू."

मग आम्ही सगळे रस्ताभर वाकून फिरलो. भाऊजी गटाराच्या जाळीत आरसा घालून बघत होते. समोरच्या शिलाईवाल्या बाई विचारायला आल्या की काय हरवलंय. बाबांनी स्वतः खुलासा केला आणि त्या "फुफ्फुस? कोणाचं?" करत घाबरून आत गेल्या. नवरा सगळ्यांत जास्त फिरला, हे मला कबूल केलं पाहिजे. दोन्ही कडा त्याने दोनदा बघितल्या, झुडपं हलवली, एका कुत्र्याला तर चांगलं निरखून पाहिलं. तासाभराने तो उभ्या असलेल्या एका टेम्पोखाली बघायला म्हणून पार खाली वाकला, आणि त्याच्या जॅकेटच्या टोपीतून बाबांची कवळी घरंगळत त्याच्या नाकासमोर रस्त्यावर पडली.

म्हणजे तासभर ती त्याच्याच पाठीवर बसून आमच्याबरोबर स्वतःला शोधत होती.

नवरा दचकून मागे झाला, डोकं टेम्पोला आपटलं. कवळीही आपटली होती. तिचे बरोबर मधोमध दोन तुकडे झाले, एक डावा, एक उजवा.

भाऊजींनी दोन्ही तुकडे रुमालात घेतले आणि बराच वेळ बघितले. "तडा उजवीकडून सुरू झालाय," ते म्हणाले.

कवळी जोडायला दोन दिवस लागणार होते. बाबांना आम्ही शेडमध्ये खुर्चीवर बसवलं. ते काहीतरी सांगत राहिले, आम्ही "हो, हो" म्हणत राहिलो, आणि ते आमच्यापैकी कोणालाच कळत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं तसे ते उठून तडक घरी गेले. ताई म्हणाली, रागावले. पण अर्ध्या तासात ते परत आले. गळ्यात शिट्टी होती, एका बगलेत हिरवा झेंडा, दुसऱ्या बगलेत लाल.

त्यांनी शिट्टी फुंकली. दोन्ही जावई नकळत सरळ उभे राहिले.

बाबांनी खुणेने इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढायला सांगितले. दोन्ही सिलिंडरचे प्लग निघाले आणि पिठाच्या पोत्यावर शेजारी शेजारी ठेवले गेले. डावा पांढराफेक होता. उजवा काळाकुट्ट.

"बघा," भाऊजी म्हणाले, "किती स्वच्छ! याला म्हणतात निगा."

"कच्चा आहे," नवरा म्हणाला. "आमचा बघा, खमंग भाजलाय."

"भाजलाय? जळलाय! हा दात असता तर मी उपटून काढला असता."

शिट्टी. बाबांनी लाल झेंडा डाव्या प्लगवर धरला. मग उजव्या प्लगवर धरला. दोघांचेही चेहरे पडले. मग बाबांनी इकडेतिकडे बघितलं, लंगडत दुकानात गेले आणि बरणीतून एक बिस्किट घेऊन आले. ते बिस्किट त्यांनी दोन प्लगांच्या मधोमध ठेवलं आणि त्याच्यावर हिरवा झेंडा हलवला.

"भूक लागली त्यांना," ताई म्हणाली.

मी चहा आणला. नवऱ्याने ते बिस्किट चहात बुडवलं, चांगलं मऊ केलं आणि चमच्याने प्रेमाने सासऱ्यांच्या तोंडाशी नेलं. बाबांनी ते खाल्लं, कारण दुसरं काय करणार, आणि जोरात शिट्टी फुंकून दुसरं बिस्किट आणलं. ते पुन्हा प्लगांच्या मध्ये ठेवलं. हिरवा झेंडा.

"चहात नको असेल, दुधात कुस्करून देऊ," ताई म्हणाली आणि वाटी घेऊन आली. बाबांनी तेही खाल्लं, डोळे मिटून. तिसरं बिस्किट आणताना त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. भाऊजी पुढे झाले. "घाई करू नका, बाबा. वरचे दात नसताना हिरडीवर दाब येतो. आधी मला बघू दे. आ करा."

बाबांनी बिस्किट भाऊजींच्या कपाळावर मारलं.

ते खाली पडलं, काळ्या प्लगला लागून. नवरा त्याच्याकडे बघत राहिला. तीस वर्षं ज्याने भट्टीत डोकावून रंग बघितला, त्याला आता कुठे उजेड पडला.

"रंग," तो म्हणाला. "साडूभाऊ, रंग! बाबा म्हणतायत, प्लग या रंगाचा हवा. तुमचा कच्चा राहिला, माझा जळला. बिस्किटासारखा यायला पाहिजे."

बाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी हिरवा झेंडा एवढा हलवला की मांजर पुन्हा कोठीवर गेली.

"माझा कच्चा हे पटलं," भाऊजी हळूच म्हणाले. "हवा जास्त, पेट्रोल कमी. पण तुमचा जळला कशाने? तुम्ही तर हातच लावला नाही."

मग पहिल्यांदाच उजवा डबा उघडला गेला. आत फिल्टर होता, पण तो फिल्टर आहे हे सांगावं लागलं असतं. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीने अडीच महिने मैद्याची धूळ ओढली होती, तिच्यात तेल मिसळलं होतं, आणि वर इंजिनाची धग. आत एक जाड, पिवळसर, टणक चकती तयार झाली होती. भाऊजींनी ती चिमट्याने धरून वर केली, पेशंटला त्याचाच दात दाखवावा तशी.

"शेठ," ते म्हणाले, "अजून पाच मिनिटं ठेवली असती तर विकता आली असती."

मला हसू आवरेना. नवऱ्याला आधी राग आला, मग त्याने चकतीवर टिचकी मारून आवाज ऐकला, जसा पाव झालाय का ते ऐकतो, आणि तोही हसला. "आतून ओली आहे," म्हणाला.

हसणं ओसरल्यावर बाबांनी शिट्टी फुंकली आणि दोन्ही झेंड्यांची एक खूण केली, जी आम्ही कधी पाहिली नव्हती. दोन्ही हात एकमेकांवरून ओलांडून. मग बाबा उठले, भाऊजींचा दंड धरून त्यांना उजवीकडे नेऊन उभं केलं, आणि नवऱ्याला डावीकडे. खडूची रेघ चपलेने पुसली.

खरं सांगायचं तर यात बाबांची फार मोठी युक्ती होती की नुसता वैताग, ते मला अजून माहीत नाही. पण काम झालं. दुसऱ्याच्या कार्बोरेटरला हात लावल्यावर दोघांनाही एकच भीती होती, की उद्या काही बिघडलं तर नाव आपलं येणार. नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा जेटवरचा आकडा चष्मा लावून वाचला. भाऊजींनी उजवीकडे दुसरा शंकू लावला आणि नवऱ्याला विचारलं, "साडूभाऊ, रंगाचं तुम्हाला कळतं. अजून किती लागेल?" नवरा म्हणाला, "अंदाजाने सांगू?" भाऊजी हातातलं जेट खाली ठेवून म्हणाले, "सांगा."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि मग सोमवारी दवाखान्याच्या आणि भट्टीच्या वेळा सांभाळून त्यांनी आठ वेळा जेट बदललं. दोन्हीकडे सारखंच, एका वेळी एकच पायरी. पेट्रोल मोजणाऱ्या सुईची चकती एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई वर आली. दर वेळी गाडी पुलापर्यंत पळवायची, इंजिन बंद करायचं, प्लग काढायचे आणि बिस्किटाला लावून बघायचे. पांढरा, पांढरट, फिका, जरा बरा. शेवटी दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का ते ऐकायचं होतं. पाणी घालायच्या पाइपचे दोन तुकडे कापून दोघं दोन बाजूंना कानाला नळी लावून बसले, दुसरं टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी. "तुमचा कसा येतोय?" "स्स्स. तुमचा?" "माझा हस्स्स." "मग पाव फेरी मागे घ्या." "आता?" "स्स्स." "माझाही स्स्स!" एक गिऱ्हाईक ब्रेड घ्यायला आलं होतं, ते शेडच्या दारातून बघून ब्रेड न घेताच गेलं.

आणि मग इंजिनाचा आवाज बदलला. कसा ते मला नीट सांगता येणार नाही. इतके दिवस दोन माणसं एकमेकांवर ओरडत असल्यासारखा येई, तो एकच झाला. पोत्यावर ठेवलेला चहाचा पेला थरथरायचा थांबला. नवऱ्याने मूठ अर्धी पिळली, मग पूर्ण. कोणी शिंकलं नाही. बाबांनी झेंडा वर केला नाही, शिट्टी वाजवली नाही. ते नुसते गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. ताई म्हणाली, धुरामुळे. धूर तर आता येत नव्हता.

मंगळवारी कवळी आली. भाऊजींनी ती बसवली, हलवून बघितली आणि म्हणाले, "आता बोला, बाबा. कशी झालीय?"

दोन दिवस गप्प राहिलेला माणूस. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"तुम्हा दोघांना," बाबा म्हणाले, "बिस्किट दाखवलं की खायचं एवढंच कळतं का रे? मी पोटभर खाल्ली ती बिस्किटं! रात्रभर पित्त झालं मला!" आणि मग ते पावणेदोन तास बोलले.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं, सुटलो. तसं काही झालं नाही. पूर्वी हे दोघं साडू जेवायला एकत्र बसले की बोलत नसत, आणि मी आणि ताई निवांत गप्पा मारायचो. आता त्यांना थांबवावं लागतं. जेट, सुई, हवेचा स्क्रू, पुन्हा जेट. नवरा गिऱ्हाइकांना ब्रेडबरोबर प्लगचा रंग सांगतो. ताई म्हणते, दवाखान्यात तर आणखी वाईट, कारण पेशंटचं तोंड उघडं असतं, त्याला विषय बदलता येत नाही. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दाढदुखी घेऊन आले होते, ते दाढ तशीच घेऊन गेले, पण आपल्या स्कूटरची सुई एक खाच वर घ्यायची एवढं पक्कं समजून गेले.

परवा रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "तुझ्याकडे आहेत का गं हे?"

"नाही, मला वाटलं तुझ्याकडे आहेत दोघं."

मी बाबांकडे गेले. घराला कुलूप. शेजारच्या अंगणातून मात्र आवाज येत होता. तिथे शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र उताणं पडलं होतं, त्याचा कार्बोरेटर फडक्यावर सुटा करून मांडला होता, आणि बाबा, भाऊजी आणि माझा नवरा त्याच्याभोवती उकिडवे बसले होते. बाबांना उकिडवं बसता येत नाही, तरी बसले होते. भाऊजी म्हणत होते, "याचा फिल्टर फारच कोंदट आहे." नवरा मान डोलावत होता.

ते शेजारी स्वतः जरा दूर उभे होते, अर्धं कापलेलं गवत पायाखाली. मला बघून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो, चांगलं चालत होतं हो ते. मी फक्त नमस्कार करायला थांबलो होतो."

मी बाबांच्या व्हरांड्यातून एक खुर्ची आणली आणि शेजाऱ्यांना बसायला दिली.